सायकलवरून गंगातीरी

आमच्या घरी लहानथोर मिळून अकरा माणसे नांदतात. गेल्या वर्षी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आम्ही सायकल विकत घेतली, तेव्हा त्यांपैकी आठ जणांनी आम्हांस वेड लागले असे ठरविले. नवव्या, म्हणजे आमच्या कुटुंबाने, काही न बोलता देवापुढे एक नारळ ठेविला. अनुकूल मत पडले ते एकट्या आमच्या थोरल्या बंधूंच्या नातीचे. बंधू आता हयात नाहीत. घराचा सारा कारभार आमच्या वहिनी पाहतात, आणि त्यांच्या शब्दाबाहेर घरातील मांजरही जात नाही. ही सतरा वर्षांची नात मात्र त्या नियमाला अपवाद आहे. तिने आपली सायकल आमच्या सायकलीशेजारी उभी केली आणि सांगितले, "आजोबा, उद्या पाच वाजता."

तेव्हापासून आमचा प्रातःकाळ बदलला. परभणीकरांस मोकळी हवा हवी असली म्हणजे त्यांची पावले कृषी विद्यापीठाच्या शिवाराकडे वळतात. निजामी राजवटीत, १९१८ साली, येथे प्रायोगिक शेतीस आरंभ झाला. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली, आणि २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. ज्या 'परभणी क्रांती' भेंडीची भाजी कित्येक वाचकांच्या पानात पडत असेल, ती भेंडी येथलीच. ज्या 'परभणी मोती' ज्वारीच्या भाकरीची आम्हांस फुशारकी वाटते, तीही येथलीच. दुतर्फा झाडी, मध्ये सरळ रस्ता, पलीकडे कापसाचे, करडईचे, ज्वारीचे नमुन्यादाखल आखलेले तुकडे, असा हा मुलूख अर्धा उद्यान व अर्धे रान आहे. येथे आरंभी दोन किलोमीटर, मग पाच, मग पंधरा अशी आम्ही मजल वाढवीत नेली. पूर्वीची सायकल पोलादाची, अठरा-वीस किलो वजनाची असे. हल्लीची बारा-तेरा किलोंची असून तिला गियर असतात. चढावर साखळी मागच्या मोठ्या चक्रावर चढविली म्हणजे पाय जास्त वेळा फिरवावे लागतात, पण जोर कमी लागतो. म्हातारपणाचेही गणित असेच आहे. काम तेवढेच, फक्त ते लहान लहान फेऱ्यांत वाटून घ्यावयाचे.

याच सुमारास घरात एक प्रश्न उपस्थित झाला. नात बारावीत आहे; तिला पुण्यास जाऊन भूगर्भशास्त्र शिकावयाचे आहे. तिच्या थोरल्या भावाचे मन परदेशी शिक्षणाकडे आहे. दोघांचा खर्च एकाच वेळी झेपेल असे घरातील कोणास वाटेना. वहिनींचा विचार साधा व सरळ होता: "दारात विद्यापीठ असता मुलीने पुण्यास कशाला जायचे? बी. एस्सी. शेतकीचीही असतेच की." घरातील सर्वांनी माना डोलावल्या. आम्ही मान डोलाविली नाही, परंतु काही बोललोही नाही. हा आमचा स्वभाव फार जुना आहे, आणि त्याच्या जुनेपणाचीच ही हकीकत आहे.

पौषातील एका रविवारी आम्ही दोघांनी गंगाखेडास जाण्याचे ठरविले. तेथे आमची अक्का राहते. ती आमच्याहून दोन वर्षांनी वडील. परभणीहून गंगाखेड सुमारे चाळीस किलोमीटर. आगगाडी जाते, एस. टी. जाते, आमचे इतर नातलग त्यांनीच जातात. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे तुम्ही पाहा, पण पोरीला नीट परत आणा." आम्ही दोन जादा ट्यूब, हवेचा पंप, टायर उकलण्याच्या पट्ट्या, पाण्याच्या चार बाटल्या व डब्यात गूळपोळी एवढी सामग्री घेतली, आणि साडेपाचच्या अंधारात दिवे लावून निघालो.

सिंगणापूर फाटा मागे टाकीपर्यंत बोटे थंडीने बधिर झाली होती. मग पूर्वेस तांबडे फुटले आणि दोन्ही बाजूंची काळी रानेच्या राने एकाएकी दिसू लागली. कंबरेच्या वर आलेली ज्वारी, अखेरच्या वेचणीस आलेला कापूस, घाटे धरलेला हरभरा, आणि मधूनच करडईच्या काटेरी बोंडांवर पडलेले दव! नातीने सायकल चालवीतच आम्हांस पहिला धडा दिला. ही काळी माती म्हणजे झिजलेला कातळ होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्ह्याचे थरांवर थर पसरले, त्यांचा हा काळा दगड झाला व त्याचीच पुढे ही माती बनली. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून त्या मिटतात, याचे कारणही तिने सांगितले. आमचा सारा जन्म या मातीवर गेला; तिचे वय विचारावे असे मात्र आम्हांस कधी सुचले नव्हते.

रस्त्याचा आनंद निर्भेळ नव्हता, हेही सांगितले पाहिजे. हंगाम उसाचा. एका ट्रॅक्टरास दोन दोन ट्रॉल्या, त्यांवर माथ्यापेक्षा उंच रचलेला ऊस, आणि त्यास मागे दिवा नाही, असे प्रकार वारंवार भेटत. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण पुरे झाले. त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी या जिल्ह्यात आले, आणि ज्या रानांत आमच्या लहानपणी बाजरीदेखील धड होत नसे, त्यांत ऊस उभा राहिला. पाण्याबरोबर पैसा आला, पैशाबरोबर ट्रॅक्टर आले, आणि त्यांच्या चाकांतून पडलेल्या चिपाडांवर आमची सायकल दोनदा घसरली. मोठा ट्रक मागून येताना ऐकू आला की नात ओरडे, "आजोबा, डावीकडे!" आणि आम्ही मुकाट्याने खडीत उतरत असू.

परभणीपासून बारा किलोमीटरांवर डाव्या हातास एक कच्ची वाट फुटते. ती आमच्या गावाची. तेथे आता आमचे काही उरले नाही. वाडा पडला, शेत वाटण्यांत गेले. परंतु याच वाटेने या रस्त्यास लागून आम्ही आठवीपासून मॅट्रिकपर्यंत रोज शहरातील शाळेत गेलो. सायकल ॲटलासची, काळी, थोरल्या बंधूंनी वापरून आम्हांस दिलेली. ते तेव्हा नांदेडास नोकरीवर होते. ती सायकल ज्या कंपनीची, तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडल्याचे वाचले तेव्हा घरातील कोणी वृद्ध गेल्यासारखे वाटले होते. फाट्यावर आम्ही नकळत ब्रेक दाबला. नात विचारू लागली, "दमलात का?" आम्ही होय म्हणालो. ते खरे नव्हते.

१९७२ चा उन्हाळा. अक्का शहरात मामांकडे राहून मॅट्रिकला बसली होती आणि गुणही उत्तम मिळाले होते. तोच मामांची बदली औरंगाबादेस झाली. कॉलेजात जावयाचे तर गावाहून रोज जाणे-येणे भाग होते. मृगाने पाठ फिरविली. त्या वर्षीचा दुष्काळ मराठवाड्यातील कोणी विसरलेले नाही. भल्या घरची माणसे खडी फोडावयास गेली, घरोघर सरकारी दुकानाचे तांबडे मिलो शिजले. अण्णा गावातील शाळामास्तर. दुसरी सायकल घेण्याची गोष्ट बोलावयाचीसुद्धा सोय नव्हती. एका संध्याकाळी ओसरीवर अक्का अण्णांसमोर उभी राहिली व म्हणाली, "दुसरी सायकल नको. मी याच्या मागे कॅरिअरवर बसून जाईन. याची शाळा आणि माझे कॉलेज एकाच वाटेवर आहे." अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "तुला ओढवेल का रे?"

आमच्या मांड्यांत बळ होते. त्याच कॅरिअरवर आम्ही जोंधळ्याचे पोते घालून कितीदा आणले होते. परंतु पंधरा वर्षांच्या मनात त्या क्षणी दुसरेच चित्र उभे राहिले: शाळेच्या दाराशी उभी असलेली सोबत्यांची टोळी, मागे बसलेली बहीण, आणि तो हशा! आम्ही जमिनीकडे पाहिले. नाही म्हणालो नाही. होही म्हणालो नाही. अण्णा म्हणाले, "बरे तर." तेवढ्यावर तो विषय संपला. पुढे दोन वर्षांनी अक्काचे लग्न होऊन ती गंगाखेडास गेली. आम्ही पदवीधर झालो, शिक्षक झालो, निवृत्त झालो, आणि मुलींच्या शिक्षणावर बक्षीस-समारंभांतून अनेक व्याख्याने दिली.

पोखर्णीच्या पुढे नातीच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. रस्त्याच्या कडेस लिंबाखाली आम्ही सायकली आडव्या टाकल्या. आम्ही पुढे सरसावलो, परंतु थंडीने की वयाने, बोटे थरथरू लागली. तिने हसत आम्हांस बाजूस बसविले. चाक सोडविले, टायर उकलला, आतून बोट फिरवून काटा शोधून काढिला, नवी ट्यूब बसविली व हवा भरली. सारे पंधरा मिनिटांत. मेंढ्या घेऊन निघालेली एक बाई थांबून पाहत होती, ती म्हणाली, "पोरगी हुशार हाय तुमची." गूळपोळी खाता खाता नात म्हणाली की तामिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो खेडवळ स्त्रिया सायकल शिकल्या, दगडाच्या खाणीवर काम करणाऱ्यादेखील. बिहारात २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी सरकारने पैसे दिले, आणि त्यांची शाळेतील संख्या पुष्कळ वाढली. आपल्याही राज्यात मागास तालुक्यांतील मुलींना शाळेसाठी सायकली देण्याची योजना आहे. "म्हणजे बघा आजोबा," ती म्हणाली, "मुलींना शिकायचे नव्हते असे नाही, शाळाच लांब होती." हे वाक्य तिने सहज उच्चारले. पोळीचा घास आमच्या घशाखाली उतरावयास पाणी घ्यावे लागले.

दैठण्याच्या पुढे रस्ता हळूहळू उतरू लागतो. अशा वेळी पाय थांबवावे व चाके आपोआप धावू द्यावी, यासारखे सुख नाही. ज्वारीतून हरणांचा एक कळप निघाला व क्षणभर आमच्या बरोबरीने धावून दुसऱ्या शेतात दिसेनासा झाला. शेतकऱ्यास त्यांचा मोठा जाच आहे, हे ठाऊक असूनही आम्ही दोघे लहान मुलांसारखे ओरडलो. मग दक्षिणेस बालाघाटच्या टेकड्यांची निळसर रेघ दिसू लागली, आणि त्यांच्या अलीकडे गोदावरी.

आम्हा लोकांस ती गोदावरी नव्हेच, ती गंगा. त्र्यंबकेश्वरी उगम पावून सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत ती पूर्वसमुद्रास मिळते. गंगाखेडाजवळ तिचे पात्र रुंद, काठ उंच व गाळाचे. धरणे व बंधारे झाल्यापासून तिचा प्रवाह माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहिला आहे. पुलावरून पाहता एका बाजूस स्वच्छ निळे पाणी होते आणि दुसऱ्या बाजूस वाळूत पडलेले खड्डे, जेथून रात्री वाळू उचलली जाते. नात पुलाच्या कठड्याशी उभी राहून काठावरच्या गाळाच्या थरांकडे बोट दाखवू लागली. गोदावरीच्या अशाच जुन्या गाळात प्राचीन हत्तींची हाडे सापडली आहेत, हे सांगताना तिचे डोळे असे काही चमकले की पुण्यास जाण्याचा हट्ट म्हणजे काय, हे आम्हांस त्या क्षणी प्रथम कळले. तो पुण्याचा हट्ट नव्हताच. तिला या नदीचाच पोटभर अभ्यास करावयाचा होता.

साडेनऊ वाजता आम्ही अक्काच्या दारात उतरलो. ती सत्तर वर्षांची आहे. गुडघे दुखतात, दृष्टी मंद झाली आहे. आम्हांस टोपी-सायकलीसह पाहून ती प्रथम घाबरली, मग रागावली, आणि मग धपाटे थापावयास बसली. दही, ठेचा, धपाटे आणि तव्यावर परतलेला हुरडा, अशी न्याहारी झाली. नात संत जनाबाईंच्या मंदिराकडे व घाटावर जाऊन येते म्हणून गेली. जनाबाई मूळ याच गावच्या. लहानपणीच त्यांना पंढरपुरास दामाशेटींच्या घरी पोचविण्यात आले. त्या घरी दळणकांडण करिता करिता त्यांच्या मुखातून तीनशेंहून अधिक अभंग निघाले. त्या पोरीला कुठे जायचे हे कोणी विचारले असेल काय, असे आमच्या मनात आले.

अक्का अंगणात आली व सायकलीभोवती एक फेरी घालून म्हणाली, "हिला कॅरिअर नाही रे."

"हल्ली नसते," आम्ही म्हणालो.

"बरे आहे. मागे बसायचा प्रश्नच नको."

ती हसली. आम्हांस हसू येईना. त्रेपन्न वर्षे जे बोललो नव्हतो ते कसेबसे बाहेर पडले. त्या संध्याकाळी ओढवेल असे सांगावयास हवे होते, ओढवले असते, सोबती हसतील या भीतीने गप्प राहिलो, असे सारे सांगितले. आमची अपेक्षा अशी होती की ती म्हणेल, 'वेडा आहेस, मी केव्हाच विसरले.' बहिणी असेच म्हणतात.

अक्काने पदराने चष्मा पुसला. "तू हो म्हणाला असतास तरी अण्णांनी पाठविले असते की नाही, देव जाणे," ती म्हणाली. "पहिल्या पावसाने तो रस्ता वाहून जाई, तेव्हा कॉलेज किती दिवस चालले असते तेही देव जाणे. पण तू म्हणायला हवे होतेस. मी तुझ्याकडे बघत होते रे. अण्णांकडे नव्हते बघत."

मग ती थोड्या वेळाने म्हणाली, "सायकल मला येते, ठाऊक आहे का? तुम्ही सारे झोपलात की खळ्यावर शिकले मी, त्याच महिन्यात. चांदणे होते. म्हटले, याला ओढवत नसेल तर मी ओढीन, हा मागे बसेल. पण सांगायचे कुणाला?"

आम्ही तिच्या हाती हँडल दिले. तिने बसण्याचा प्रयत्न केला नाही. तो वेडेपणा झाला असता. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती सायकल हाताने चालवीत नेली, घंटी एकदा वाजविली, आणि भिंतीशी नीट टेकवून ठेविली. तिचे गुडघे त्या वेळी दुखत होते की नव्हते, ते आम्ही विचारले नाही. नात घाटावरून दोन काळे गोटे व एक तांबूस गारगोटी ओच्यात घेऊन परतली. अक्काने ते दगड हातात घेऊन निरखले, तिला पुष्कळ प्रश्न विचारले, आणि तिची उत्तरे मन लावून ऐकली. निजताना आम्हांस एवढेच म्हणाली, "हिच्या बाबतीत तरी खाली बघू नकोस."

दुसऱ्या दिवशी वारा समोरून होता. परतीची वाट चढाची. दैठण्यापर्यंत येता येता आमची छाती भात्यासारखी चालू लागली. नात पुढे झाली आणि म्हणाली, "माझ्या मागे मागे या, वारा कमी लागेल." हे शास्त्र सायकलस्वारांस ठाऊक असते, पुढचा वारा फोडतो व मागच्याचे श्रम हलके होतात. त्या रस्त्यावर, आमच्या गावाचा फाटा येईपर्यंत व त्याच्याही पुढे, आम्ही तिच्या मागे राहिलो.

रात्री जेवणे आटोपल्यावर पुण्याचा विषय पुन्हा निघाला. वहिनींनी पुन्हा दारातल्या विद्यापीठाचा दाखला दिला. सारे गप्प होते. आम्ही घसा साफ केला आणि म्हणालो, "वहिनी, त्या विद्यापीठाची थोरवी मी रोज पहाटे पाहतो. पण हिला शेती शिकायची नाही. जमिनीच्या पोटातले शिकायचे आहे, आणि ते तिला साधेल. पैसे कमी पडत असतील तर माझ्या पेन्शनीतून तीन वर्षे तिचा खर्च होईल. मुलाचेही आपण पाहू. पण या वेळी हिचे आधी ठरू द्या." बोलताना आवाज थोडा कापला. आम्ही समोर पाहत होतो, जमिनीकडे नव्हे.

वहिनी बराच वेळ सुपारी कातरीत बसल्या. नातीचा भाऊच प्रथम बोलला. आपले वर्षभर थांबले तरी चालेल, तोवर नोकरी करतो, असे त्याने सांगितले. तेव्हा वहिनींनी अडकित्ता खाली ठेविला.

"अर्ज केव्हा भरायचे ते बघा," त्या म्हणाल्या. "आणि भाऊजी, वन्सांचा फोन दुपारीच येऊन गेला होता. तुम्ही बोलता की पुन्हा गप्प बसता, तेवढे पाहत होते मी."